टोपी हवी, शाल नको!

मुंजीला काय घालायचं, बारशाला काय आणि सत्यनारायणाला काय, हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. पण बार मित्झ्वाला? नांदेड-लातूरहून पुण्याला निघालेल्या आम्हा चौघांच्या कपाटांची ही गोष्ट.

ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी डबा उघडून बसले होते. पुण्याच्या मॅडमचा मेसेज. 'मुलाचा बार मित्झ्वा आहे, पुढच्या महिन्यात गुरुवारी. सकाळी साडेसातला सिनेगॉगमध्ये प्रार्थना, मग नाश्ता. संध्याकाळी हॉलवर जेवण. नांदेड-लातूरच्या सगळ्यांनी यायचंच आहे.' खाली तीन हसरे चेहरे आणि हॉलचं लोकेशन.

पहिला रिप्लाय आला लातूर ऑफिसच्या पोराचा. 'मॅडम, सकाळी साडेसातला बार? लई लवकर होईल की!'

त्याला ग्रुपवर जे काही ऐकवायचं ते सगळ्यांनी ऐकवून झालं. पण खरं सांगू? आमच्यातल्या कुणालाच बार मित्झ्वा म्हणजे नेमकं काय ते माहीत नव्हतं. पोरानं रात्री घरी सांगितलं तर त्याच्या आईनं 'बार' एवढंच ऐकलं. "कामून रे, बारावं हाय का कुणाचं? मग पांढरंच घाल बाबा."

तर आधी हे सांगून टाकते. 'बार' म्हणजे अरामी भाषेत मुलगा आणि 'मित्झ्वा' म्हणजे हिब्रूत आज्ञा. ज्यू घरातला मुलगा 13 वर्षांचा झाला की धर्माच्या आज्ञा पाळण्याची जबाबदारी आईबापाची राहत नाही, त्याची स्वतःची होते. त्या दिवशी तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभा राहून तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, वाचतो. मुलींचं हेच वय 12 आणि नाव 'बात मित्झ्वा'. आपल्याकडची मुंज डोळ्यांसमोर आणा, फक्त मुंजीतला बटू आठ वर्षांचा असतो, त्याला लाडू दिला की तो खूश. हा तेरा वर्षांचा, ओठावर कोवळी लव फुटलेला, आवाज फाटलेला. आणि त्या फाटक्या आवाजातच त्याला वाचायचं असतं.

दह्याची वाटी

मॅडम तीन वर्षं लातूर ब्रँचच्या हेड होत्या. दर आठवड्याला नांदेडला यायच्या. आडनावाच्या शेवटी 'कर', बोलणं शुद्ध मराठी, कधीतरी एखादा कोकणी हेल. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की बाई अलिबागकडच्या आहेत. अलिबागकडच्या होत्याच. फक्त पुढचं विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही. कुठल्याशा पार्टीत मटणाच्या ताटातली दह्याची वाटी त्यांनी हळूच बाजूला सारली, तेव्हा मी "दही सोसत नाही का?" म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "सोसतं गं. मटणाबरोबर नाही खात. आम्ही ज्यू ना." असं सांगितलं, जसं एखादी बाई आज चतुर्थी आहे म्हणून सांगते.

पण गंमत बघा. ह्याच मॅडम माझ्या हळदीला पिवळी साडी नेसून आल्या होत्या. लग्नाला पैठणी, आणि ती कुठल्या पदराची ते आमच्या आत्याला समजावून सांगत होत्या. लातूरच्या पोराच्या वडिलांच्या दहाव्याला फिकट सुती साडीत, दागिना नाही, सगळ्यात मागे बसून होत्या. अकाउंट्सचे आमचे पाजी नांदेडच्या जुन्या शीख घराण्यातले. त्यांच्या मुलाच्या दस्तारबंदीला, म्हणजे पहिल्यांदा पगडी बांधायच्या कार्यक्रमाला, गुरुद्वाऱ्यात शिरताना आमच्यातल्या अर्ध्या लोकांची रुमाल शोधायची धावपळ चालली होती, आणि मॅडम पदर डोक्यावर घेऊन केव्हाच आत. आमच्या प्रत्येक कार्याला काय घालायचं ते त्यांना माहीत. त्यांच्या पहिल्या कार्याला काय घालायचं ते आमच्यात एकालाही माहीत नाही. मला ह्याची जरा लाजच वाटली.

म्हणून मी ठरवलं, जायचं तर नीट जायचं. ग्रुपवर नको, सरळ फोन.

"बाह्या तेवढ्या लांब शिव"

मॅडमना हसू आवरेना. "अगं, चार वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारतंय! पुण्यातले लोक डायरेक्ट येतात आणि मग दारात ओढणी मागत बसतात."

त्यांनी सांगितलेलं मी डायरीत लिहून घेतलं. बायकांसाठी मुद्दा अंग झाकण्याचा, रंगाचा नाही. खांदे झाकलेले, गळा फार खोल नाही, गुडघ्याच्या खालपर्यंत कपडा. साडी, पंजाबी ड्रेस, लांब स्कर्ट, काहीही चालेल. स्लीव्हलेस ब्लाउज, बॅकलेस, पारदर्शक जॉर्जेट हे संध्याकाळच्या हॉलसाठी ठेवायचं. लग्न झालेल्या बायका सिनेगॉगमध्ये डोकं झाकतात, म्हणून पदर मोठा काढायचा किंवा ओढणी जवळ ठेवायची. पुरुषांसाठी फुल पँट, कॉलरचा शर्ट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोकं झाकलेलं. हा नियम ज्यू नसलेल्या पुरुषांनाही आहे. ती छोटी गोल टोपी, किप्पा, बहुतेक सिनेगॉगच्या दारात ठेवलेली असते. नसली तर कुठलीही साधी टोपी किंवा रुमाल चालतो.

मी घाबरत घाबरत विचारलं, "मॅडम, टिकली काढू का?"

हा प्रश्न मला दोन रात्री छळत होता. बेने इस्रायल बायका हातात काचेच्या बांगड्या भरतात, गळ्यात मंगळसूत्र घालतात, पण कुंकू लावत नाहीत, हे मी कुठेतरी वाचलं होतं. शेकडो वर्षं आपल्या गावात, आपल्यासारखंच लुगडं नेसून राहिलेल्या बाईची ओळख म्हणजे मोकळं कपाळ.

"कशाला काढतेस?" मॅडम म्हणाल्या. "रोज ऑफिसला लावतेस ना? मग तशीच ये. बाह्या तेवढ्या लांब शिव."

आणि पांढरा? लातूरच्या आईंचा सल्ला मी त्यांना सांगितला तर त्या म्हणाल्या, "सांग त्यांना, बरोबर आहे! आमच्यात पांढरा रंग शुभ." बेने इस्रायल नवरी लग्नात पारंपरिकपणे पांढरी साडी नेसते. योम किप्पुरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उपासाच्या दिवशी, लोक पांढरे कपडे घालतात. बाराव्यासाठी म्हणून माउलीनं काढून ठेवलेला पांढरा शर्ट पोरानं घडीही न मोडता बॅगेत टाकला.

काळा चालतो का, हा ट्रेनी मुलीचा प्रश्न. चालतो, अगदी बिनधास्त. मुंजीला काळं नको असं आपल्याकडे म्हणतात, तसला कुठलाही नियम तिथे नाही.

शनिवार तेली

इथे दोन मिनिटं इतिहास. कंटाळू नका, कपड्यांशीच संबंध आहे.

बेने इस्रायल म्हणजे महाराष्ट्राचे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्यात सांगतात की फार पूर्वी कोकण किनाऱ्यावर नौगावजवळ एक जहाज फुटलं आणि त्यातली सात जोडपी वाचली. हे लोक रायगडच्या गावागावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद. म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं. गावावरून आडनावं पडली, पेणकर, किहीमकर, रोहेकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. जुनी मंडळी सिनेगॉगला 'मशीद' म्हणायची, आणि लोकलच्या मस्जिद स्टेशनाचं नाव ह्याच मशिदीवरून पडल्याचं सांगतात. हिंदी सिनेमातले आपले लाडके डेव्हिड, 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा? पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलचे!

पुण्याचं लाल देऊळ तुम्ही कॅम्पात जाता-येता पाहिलं असेल. लाल विटांचं, उंच घड्याळाच्या मनोऱ्याचं. बऱ्याच जणांना ते चर्च वाटतं. ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग, 1860च्या दशकात डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. ससून हॉस्पिटलवाले तेच, आणि त्यांची कबरही त्याच आवारात आहे. ससून मात्र बगदादहून आलेले, म्हणजे बेने इस्रायल नव्हेत. बेने इस्रायलांचं आपलं सिनेगॉग रास्ता पेठेत आहे, सुक्कथ शलोमो, 1921चं.

1948नंतर ह्यातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. दिमोना, अश्दोद, लोद ह्या तिथल्या गावांत आजही मराठी ऐकू येतं. 2011च्या जनगणनेत भारतभरात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास उरले होते. अख्ख्या देशात! एवढे लोक तर गंजगोलाईत दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी एका वेळी खरेदी करत असतात. महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016मध्ये. आमच्या नांदेड-लातुरात सिनेगॉग नाही, त्यामुळे तीन वर्षं मॅडम प्रत्येक सणाला पुण्याची गाडी धरत. आम्ही समजायचो, सासरी जातात.

केशरी रुमालाचा घोळ

आता नांदेडच्या माणसाला डोकं झाकायचं शिकवायची गरज नाही. सचखंड हुजूर साहिबला जाणारा प्रत्येक जण, शीख असो नसो, डोक्याला रुमाल बांधूनच आत जातो. लहानपणापासूनची सवय. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर ते केशरी, निळे रुमाल ढिगानं लटकलेले असतात. आमच्या घरात तर टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये तीन-चार कायमचे. लातूरच्या पोरानं मला फोन केला, "ताई, माझ्यासाठी एक केशरी घेऊन या की. खंडा छापलेला. मस्त दिसतो."

मी म्हटलं, थांब. रुमाल चालेल, पण दुसऱ्या धर्माचं चिन्ह छापलेला घालून त्यांच्या देवघरात जायचं? पाजींनाही ते पटलं नाही. "हमारे निशान की भी इज्जत है," ते म्हणाले. शेवटी मी वजिराबादेतून साधा पांढरा सुती रुमाल घेतला. तुम्ही कुठेही जाणार असाल तर एवढं धरून ठेवा, रुमाल प्लेन. कंपनीचा लोगोवाली कॅप, आयपीएलची कॅप हे नियमात बसतं, पण फोटोत ते कायमचं राहतं.

पाजी स्वतः मात्र निवांत. "मेरा तो हो गया," पगडीवर हात ठेवून म्हणाले. आमच्यात एकटे तेच असे की ज्यांना काहीही विकत घ्यावं लागलं नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर इरकल काढली. गडद हिरवी, लाल काठाची, आईची. पैठणीचा मोह झाला होता, पण सकाळी साडेसातच्या प्रार्थनेला पैठणी म्हणजे परीक्षेला शेरवानी. शिवाय आम्ही रात्रभर गाडीत. इरकलचं एक बरं असतं, घडी कशीही पडो, दोन वेळा झटकली की उभी राहते. टेलरनं कोपरापर्यंत बाह्या शिवून दिल्या आणि वर विचारलं, "ताई, मंगळागौर हाय का?"

गाडीतलं ज्ञान

नांदेड-पनवेल गाडीत आम्ही तिघं नांदेडला बसलो, पोरगा लातूरला चढला. रात्री झोप कुणालाच नव्हती. ट्रेनीची चुलतबहीण न्यू जर्सीत असते, तिला व्हिडिओ कॉल लागला, आणि कळलं की तिकडचा मामला वेगळाच.

ऑनसाइट जाणाऱ्यांनो, इकडे लक्ष द्या. अमेरिकेत आमंत्रणावरच ड्रेसकोड छापलेला असतो, आणि त्यात लिहिलेलं सगळं संध्याकाळच्या पार्टीचं असतं, सकाळच्या प्रार्थनेचं नसतं. चुलतबहीण पहिल्यांदा गेली तेव्हा कॉकटेल ड्रेस घालून सकाळी दहाला सिनेगॉगमध्ये पोचली. वर कोट होता म्हणून वाचली, दोन तास घाम गाळत कोटातच बसली. तिकडे सिनेगॉगांतही प्रकार असतात. रिफॉर्म म्हणजे मोकळेढाकळे, तिथे बायका-पुरुष एकत्र बसतात, काही बायकाही टोपी घालतात. ऑर्थोडॉक्समध्ये बसायची जागा वेगवेगळी, आणि बायकांनी पँट टाळून गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट आणि कोपराखाली जाणारी बाही घालावी. कुठलं आहे ते यजमानांना आधीच विचारून घ्यायचं. मुलींचं बात मित्झ्वा असं सिनेगॉगमध्ये साजरं करणं हेही तसं अलीकडचंच. अमेरिकेतलं पहिलं म्हणून ज्याची नोंद सांगतात ते न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लन ह्या मुलीचं, 1922 साली.

आणि शनिवार असेल तर सगळंच बदलतं. तोरा वाचली जाते सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी, त्यामुळे बार मित्झ्वा ह्या तिन्ही दिवशी होऊ शकतो. शनिवार हा शब्बाथ. त्या दिवशी फोन नाही, फोटो नाही, पेन काढून काही लिहायचं नाही, पैशाचं पाकीट हातात द्यायचं नाही. भेट आदल्या दिवशी किंवा नंतर घरी पोचवायची. स्मार्टवॉच लुकलुकत असेल तर तेही काढून ठेवा. सिनेगॉगमध्ये तुमच्या मनगटावर क्रिकेटचा स्कोअर आलेला कुणाला आवडणार?

पाकिटात किती घालायचे, ह्यावर गाडीत अर्धा तास गेला. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, आणि 'जीवन' ह्या शब्दाच्या अक्षरांची बेरीज 18 येते. म्हणून तिकडे 18च्या पटीत देतात. आम्ही चौघांत मिळून 1800 जमवले. लातूरच्या पोराला राहवलं नाही. त्यानं वर एक रुपया चिकटवलाच.

दहावा

पहाटे पुण्यात उतरलो, स्टेशनसमोरच्या लॉजवर आंघोळी उरकल्या, बॅगा तिथेच ठेवल्या. हे मुद्दाम सांगतेय. 2008च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत नरिमन हाउसवर हल्ला झाला, तेव्हापासून सिनेगॉगच्या दारात बंदोबस्त असतो. यजमानांनी नावं आधी कळवलेली लागतात, फोटो असलेलं ओळखपत्र जवळ लागतं, आणि पाठीवर भली मोठी सॅक घेऊन गेलात तर दारातच अडकाल. आमची नावं यादीत होती. पाच मिनिटांत आत.

चपलांचं विचाराल तर जागेजागेचं वेगळं असतं. कोचीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये पाहुणे अनवाणीच आत जातात. सोपा उपाय म्हणजे पुढचा माणूस काय करतो ते पाहायचं. दाराच्या चौकटीवर तिरपी लावलेली छोटी डबी दिसते, ती मेझुझा. घरची माणसं तिला हात लावून बोटं ओठांना लावतात. पाहुण्यांनी नाही केलं तरी कुणी काही म्हणत नाही.

मी आणि ट्रेनी बायकांच्या बाजूला गेलो. एक आजी, पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावरून घेतलेल्या, सरकून म्हणाल्या, "बस गं, इथून दिसेल." मॅडमच्या सासूबाई. माझ्या काठाला हात लावून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इरकल ना?"

आणि तेवढ्यात घोळ झालाच. दाराशी एका शेल्फवर पांढऱ्या, निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या शाली घड्या करून ठेवल्या होत्या. आमच्या लातूरकरानं टोपी व्यवस्थित घातली, मग शालींकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात आयुष्यभराचे सगळे शाल-श्रीफळ सत्कार एकदम उभे राहिले असणार. त्यानं एक उचलली, खांद्यावर घेतली आणि चांगला ऐटीत पुढच्या बाकाकडे निघाला.

ती तालिथ. प्रार्थनेची शाल. चारही कोपऱ्यांना गाठी मारलेले गोंडे असतात, आणि त्या गोंड्यांना धर्माचा अर्थ आहे. ती फक्त ज्यू पुरुषांनी घ्यायची. टोपी पाहुण्यांसाठी असते, शाल नसते. एक म्हातारेसे काका उठले, त्याच्याजवळ गेले, काही न बोलता ती शाल त्याच्या खांद्यावरून उतरवली, घडी केली, आणि त्याचाच हात धरून त्याला आपल्या शेजारी बसवलं. पोरगा कानापर्यंत लाल. नंतर म्हणाला, "ताई, ते ओरडले असते तरी बरं वाटलं असतं."

साडेसात वाजून गेले तरी सुरुवात होईना. पुरुषांच्या बाजूला कुजबुज. मॅडमचे मिस्टर सारखे दाराकडे. मला वाटलं भटजी, म्हणजे हज्जान, आले नसतील. आजी म्हणाल्या, "मिन्यान पुरा होत नाहीये."

सामूहिक प्रार्थनेला आणि तोरा वाचायला दहा ज्यू पुरुष लागतात, 13 वर्षांच्या वरचे. नऊ असतील तर नाही. मुंबईहून येणारे नातेवाईक एक्स्प्रेस-वेवर अडकले होते, मॅडमचे दोन्ही भाऊ इस्रायलमध्ये. इकडे बाक तर भरलेले दिसत होते! ऑफिसची माणसं, शेजारी, मुलाच्या शाळेतले मित्र, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, पाजींची निळी पगडी. पण आमच्या टोप्या मोजायच्या नव्हत्या. आम्ही कितीही नीटनेटके येऊन बसलो तरी आमच्यानं तो आकडा एकानंही वाढत नव्हता.

माणसं बोटानं मोजत नाहीत म्हणे. दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, माणसागणिक एक शब्द. आपल्या आज्या लेकरं मोजू देत नाहीत तसंच. त्या शाल उतरवणाऱ्या काकांनी हळू आवाजात सुरू केलं. एकेका माणसाकडे बघत, एकेक शब्द. नवव्या शब्दाला ते स्वतःवर आले. मग थांबले आणि मुलाकडे पाहिलं.

तो पांढऱ्या शर्टात उभा होता, नवी तालिथ खांद्यावरून घसरत होती. काकांनी दहावा शब्द त्याच्याकडे बघत म्हटला.

माझ्या शेजारी आजींनी पदर तोंडाला लावला. मॅडम समोरच बघत होत्या, आमच्या ऑफिसातल्या मॅडम, ज्यांना ऑडिटच्या दिवशीही मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

मग सगळं रीतसर झालं. मुलानं डाव्या हाताला काळ्या चामड्याचा पट्टा सात वेढे घेऊन बांधला, कपाळाच्या वर छोटी काळी पेटी. हे तेफिलिन, आत धर्मवचनं लिहिलेली असतात. शब्बाथला ती घालत नाहीत, गुरुवार असल्यामुळे आम्हाला बघायला मिळाली. तोरेची गुंडाळी उघडली. मुलगा वाचायला लागला, आवाज दोनदा फाटला, तिसऱ्यांदा सावरला. मुंबईची मंडळी मध्येच धापा टाकत आली, पण तोपर्यंत त्यांची वाट बघायची गरज उरली नव्हती. संपल्यावर सगळीकडून "मझल तोव!" आणि चॉकलेटांचा मारा. पाजींच्या पगडीत एक अडकलं ते नाश्त्यापर्यंत तिथेच होतं.

संध्याकाळ आपलीच

हॉलचं फार सांगत नाही, कारण ते तुमच्या-आमच्या रिसेप्शनसारखंच. ब्लेझर, शेरवानी, पैठण्या, एका काकूंनी खास ह्या दिवसासाठी घेतलेली नारायणपेठ. ट्रेनीनं अखेर तिचा काळा अनारकली काढला. मटण होतं नारळाच्या दुधातलं, त्यामुळे ताटात दही नाही आणि शेवटी आइस्क्रीमही नाही. आमचा लातूरकर काउंटर शोधत हॉलला दोन चकरा मारून आला. त्याआधी घरी मलिदा झाला होता, एलियाहू हन्नाबींच्या नावानं. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, सुकामेवा, सोबत फळं. त्याही वेळी पुरुषांच्या डोक्यावर टोपी आणि बायकांच्या डोक्यावर पदर, हे लक्षात ठेवा. सिनेगॉग सुटलं म्हणजे टोपी खिशात घातली, असं नाही.

निघताना मॅडमनी प्रत्येकाला मलिद्याचा डबा दिला. त्या काकांनी लातूरच्या पोराला जवळ बोलावलं आणि सकाळची टोपी त्याच्याच खिशात कोंबली. "ही तुझी. पुढच्या वेळी घेऊन ये."

परवा त्याचा फोन आला होता. डबा आईला दिला म्हणे. माउलीनं झाकण काढून वास घेतला, खोबरं उतरलं नाही ना ते पाहिलं, एक घास खाल्ला.

"गोड पोहे दिलेत," ती म्हणाली. "बारावं नव्हतं तर मग."